कण्याचा संधिवात आणि ‘बी २७’चा कौल

धानाच्या रोवणीचे दिवस आले, की गोंदिया जिल्ह्यातील देवरी तालुक्यात पाठदुखी घरोघर मुक्कामाला असते. दिवसभर चिखलात कमरेत वाकून पऱ्हे लावणाऱ्यांची पाठ संध्याकाळी धरते, रात्रीच्या झोपेने सैल होते आणि सकाळी माणूस पुन्हा बांधीत उतरतो. ही पाठदुखी सर्वांच्या परिचयाची आहे. मात्र तिच्याच आडोशाला आणखी एक पाठदुखी दडून राहते. तिची रीत अगदी उलटी. ती झोपेने वाढते, पहाटे तीन-चारच्या सुमारास जागे करते, सकाळी अर्धा-पाऊण तास पाठ लाकडासारखी ताठ ठेवते आणि हालचाल सुरू झाली, की हळूहळू उतरते. विशी-पंचविशीतील तरुणाला कामापेक्षा विश्रांतीच अधिक जाचू लागली, तर ती उसण किंवा लचक नसून कण्याचा दाहक संधिवात असण्याची शक्यता असते.

वैद्यकशास्त्रात या विकाराला ‘अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस’ म्हणतात. मणक्यांचा दाह होऊन ते एकमेकांना जखडणे, असा या ग्रीक नावाचा ढोबळ अर्थ. डॉक्टर मंडळी त्याचे संक्षिप्त रूप ‘एएस’ असे करतात आणि पूर्व विदर्भात नेमका येथेच एक घोटाळा संभवतो. या भागात ‘एएस’ ही अक्षरे सामान्य माणसालाही ठाऊक आहेत, पण ती सिकलसेलच्या अहवालातून. तेथे ‘एएस’ म्हणजे सिकलसेलचा वाहक आणि ‘एसएस’ म्हणजे रुग्ण. १९५८ साली नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातील सिकलसेलची नोंद ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. आज गोंदिया जिल्ह्यात या आजाराची तपासणी नित्याची झाली आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय अभियानाला प्रारंभ झाला, तेव्हा ही अक्षरे आणखी गावोगावी पोहोचली.

घोटाळा केवळ अक्षरांपुरता असता, तर तो सांगण्याचेही कारण नव्हते. खरी अडचण समजुतीची आहे. सिकलसेलमुळे या भागातील लोकांच्या मनात ‘जनुकीय तपासणी’चा एक ठाम साचा तयार झाला आहे. रक्त दिले, अहवाल आला आणि आजार आहे की नाही, हे ठरले. हा साचा सिकलसेलला चपखल बसतो, कारण तेथे एकाच जनुकातील एकाच बदलाने रक्तातील हिमोग्लोबिन बिघडते. कण्याच्या संधिवातासाठी जी जनुकीय चाचणी केली जाते, ती ‘एचएलए-बी २७’. तिला मात्र हा साचा लावला, की अनर्थ होतो. ‘बी २७ पॉझिटिव्ह’ म्हणजे रोग नव्हे आणि ‘निगेटिव्ह’ म्हणजे रोगातून सुटकाही नव्हे.

नाक्यावरचा माल

हे असे का, हे समजण्यासाठी या जनुकाचे काम पाहावे लागते. देवरीवरून जाणाऱ्या मुंबई-कोलकाता महामार्गावर, छत्तीसगढच्या सीमेपाशी, मालमोटारी थांबवून कागद आणि माल तपासण्याची पद्धत येथील लोकांनी वर्षानुवर्षे पाहिली आहे. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीला असाच आपला माल दाखवावा लागतो. पेशीच्या आत तयार झालेल्या प्रथिनांचे बारीक तुकडे होतात. हे तुकडे एका खोबणीत बसवून पेशीच्या पृष्ठभागावर मांडले जातात. ‘टी’ पेशी नावाचे पहारेकरी ते तपासतात. तुकडा घरचा असेल तर पेशीला सोडतात आणि विषाणूचा असेल तर पेशीचा नाश करतात. माल मांडणारी ही खोबण म्हणजेच ‘एचएलए’ प्रथिने. त्यांची जनुके सहाव्या गुणसूत्रावर आहेत आणि माणसामाणसांत जितकी विविधता या जनुकांत आढळते, तितकी इतरत्र क्वचितच. प्रत्येकाची खोबण निराळी, म्हणून प्रत्येकाला दिसणारा मालही थोडा निराळा. साथीच्या रोगात सगळेच एकदम बळी पडत नाहीत, यामागे या विविधतेचाही वाटा आहे. अवयवरोपणात दात्याचा अवयव नाकारला जातो, तोही बहुतांशी याच प्रथिनांमुळे. फ्रेंच वैज्ञानिक ज्याँ दोसे यांनी १९५८ मध्ये त्यांतील पहिल्या प्रथिनाचे वर्णन केले आणि १९८० चे नोबेल पारितोषिक ज्या तिघांना मिळाले, त्यांत ते होते.

‘बी २७’ हा या खोबणीचाच एक नमुना. कण्याच्या संधिवाताशी त्याचे नाते उघड झाले ते १९७३ च्या एप्रिल महिन्यात, तेही एकाच वेळी दोन ठिकाणी. लंडनमध्ये ब्र्यूअर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७५ रुग्ण तपासले, त्यांपैकी ७२ जणांत हा नमुना सापडला. तुलनेसाठी घेतलेल्या ७५ जणांत तो अवघ्या तिघांत होता. लॉस एंजलिसमध्ये श्लॉस्टीन, टेरासाकी आदींनी ४० रुग्णांपैकी ३५ जणांत तो पाहिला, तर तुलनेच्या ९०६ जणांत त्याचे प्रमाण ८ टक्के होते. त्या काळी त्याला ‘डब्ल्यू २७’ म्हणत. एखाद्या सामान्य आजाराचे एका जनुकीय खुणेशी इतके घट्ट नाते वैद्यकाने त्यापूर्वी फारसे पाहिलेले नव्हते आणि अर्धशतक उलटल्यावरही ते नाते विरलेले नाही.

येथे आकड्यांची एक गंमत लक्षात घेण्याजोगी आहे. युरोपीय वंशाच्या रुग्णांत दहापैकी सुमारे नऊ जण ‘बी २७’ बाळगणारे असतात, हे खरे. परंतु ‘बी २७’ बाळगणाऱ्या शंभरांपैकी साधारण दोन ते पाच जणांनाच हा रोग होतो, हेही तितकेच खरे. दोन्ही विधाने एकमेकांना खोडत नाहीत. समजा, दहा हजार वस्तीच्या गावात शंभरी पाच या हिशेबाने पाचशे लोकांत हा नमुना आहे आणि त्यांतील शंभरी दोघांना रोग झाला. म्हणजे रुग्ण दहा आणि ठणठणीत लोक चारशे नव्वद. पाठ दुखत नसलेल्या माणसाने हौसेने किंवा कोणी सांगितले म्हणून ही चाचणी केली, तर तो बहुधा या चारशे नव्वदांपैकीच एक असणार. मात्र त्या दिवसापासून त्याची प्रत्येक साधी उसण त्याला ‘त्या’ रोगाची वाटू लागेल.

हेच कागद डॉक्टरांच्या हाती योग्य वेळी पडले, तर त्यांचे मोल पालटते. युरोपातील अभ्यासांच्या आधारे असा हिशेब मांडण्यात आला आहे, की दीर्घकाळ कंबर दुखणाऱ्या शंभर जणांत या जातीच्या संधिवाताचे पाचच सापडतात. दुखणे पहाटेचे, ताठरपणाचे, हालचालीने उतरणारे असेल, तर शक्यता सुमारे १४ टक्क्यांवर जाते. त्यात ‘बी २७’ आढळला, तर ती ५९ टक्क्यांपर्यंत चढते. चाचणी तीच, जनुक तेच. बदलला तो तिच्याआधी विचारलेला प्रश्न.

एकटा ‘बी २७’ पुरत नाही

रोगाला आणखी काय लागते, याचा शोध बराच रंजक आहे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून या आजारात आनुवंशिकतेचा वाटा ९० टक्क्यांहून अधिक असल्याचे अनुमान निघाले. पण त्या वाट्याचा जेमतेम पाचवा हिस्सा ‘बी २७’च्या नावावर जमा होतो. पश्चिम आफ्रिकेतील गांबिया देशात फुला जमातीच्या लोकांत ‘बी २७’चे प्रमाण सुमारे ६ टक्के आढळले, तरीही तेथे हा आजार जवळपास दिसलाच नाही. उलट जपानमध्ये हा नमुना शंभरात एकालाही नाही आणि रोगही तितकाच विरळ. कॅनडाच्या किनाऱ्यावरील हायडा लोकांत मात्र जवळजवळ निम्मी माणसे तो बाळगून असतात. भारतातील निरनिराळ्या पाहण्यांत सामान्य लोकसंख्येतील त्याचे प्रमाण शंभरात काही मोजक्याच जणांपुरते आढळते.

शिवाय ‘बी २७’ हे एकच नाव असले, तरी त्याखाली आज दोनशेहून अधिक उपप्रकार नोंदले गेले आहेत. ‘२७:०५’ हा जगभर पसरलेला, तर ‘२७:०४’ आशियात विशेष. दोन्ही रोगाशी जोडलेले आहेत. परंतु आग्नेय आशियातील ‘२७:०६’ आणि इटलीच्या सार्डिनिया बेटावरील ‘२७:०९’ यांचे रोगाशी फारसे नाते दिसत नाही. सार्डिनियाचा प्रकार तर ‘०५’पासून केवळ एका अमिनो आम्लाने वेगळा आहे आणि तो फरक नेमका खोबणीच्या तळाशी आहे. माल बसतो तेथेच.

२००७ साली ‘ईआरएपी १’ या जनुकाचे नाव पुढे आले आणि नाक्याचे चित्र पूर्ण होऊ लागले. या जनुकाचे प्रथिन पेशीच्या आत कात्रीचे काम करते. तुकडे खोबणीत बसतील अशा बेताने, बहुधा नऊ अमिनो आम्लांच्या लांबीचे, कापून देते. २०११ मध्ये आढळले, की या कात्रीच्या प्रकारभेदाचा रोगाशी संबंध ‘बी २७’ असलेल्यांतच दिसतो. कात्री आणि खोबण अशी दोन जनुके मिळून धोका घडवतात, याचे इतके स्वच्छ उदाहरण विरळा. त्याच सुमारास ‘इंटरल्युकिन २३’ या संदेशवाहक रेणूच्या ग्राहकाचे जनुकही संशयितांच्या यादीत आले. याच जनुकाचे प्रकार आतड्याच्या क्रोन्स आजारात आणि सोरायसिसमध्येही हात असलेले म्हणून ओळखले जात होते. कण्याचा संधिवात असलेल्यांना हे आजारही जडतात, असे डॉक्टर पूर्वीपासून पाहत होतेच. २०१३ पर्यंत अशा जनुकीय जागांची संख्या ३१ वर गेली आणि पुढे ती शंभराच्या पार पोहोचली.

तरीही ‘बी २७’ नेमका काय बिघडवतो, याबाबत एकमत नाही. एक मत असे, की जिवाणूच्या तुकड्यासारखा दिसणारा घरचाच तुकडा मांडला जाऊन पहारेकऱ्यांची फसगत होते. दुसरे मत, की हे प्रथिन आकार घेताना चुकीचे दुमडते आणि पेशीच्या आत गर्दी व ताण निर्माण करते. तिसरे, की त्याच्या अर्धवट जोड्या पृष्ठभागावर येऊन भलत्याच पेशींना चेतवतात. २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात रुग्णांच्या सांध्यांतून आणि डोळ्यांतून मिळालेले ‘टी’ पेशींचे ग्राहक जिवाणूंचे व शरीराचे स्वतःचे असे दोन्ही तुकडे ओळखतात, असे दाखविण्यात आले. त्यामुळे पहिल्या मताचे पारडे जड झाले आहे.

जिवाणूंचा संबंध मात्र जुनाच. १९९० मध्ये अमेरिकेत टेक्सास येथे माणसाचे ‘बी २७’ जनुक उंदरांत घातले, तेव्हा त्यांना सांध्यांचा व आतड्यांचा दाह झाला. तेच उंदीर पूर्णपणे जंतुमुक्त वातावरणात वाढवले, तर त्यांना सांध्यांचा व आतड्यांचा दाह झाला नाही. जनुक असूनही आतड्यातील जिवाणूंशिवाय रोग झाला नाही.

एवढा उपद्रवी नमुना मानवजातीत टिकला कसा? याचे एक उत्तर त्याच्या उपकारात आहे. एचआयव्हीची लागण झालेल्यांत ‘बी २७’ असणाऱ्यांचा रोग संथगतीने वाढतो. ‘हिपॅटायटिस सी’चा विषाणू शरीरातून आपोआप नाहीसा होण्याची शक्यताही त्यांच्यात अधिक असते. म्हणून ‘खराब जनुक’ हा शब्द टाळलेला बरा.

निदानाची वाट

देवरीसारख्या ठिकाणी या माहितीचे करायचे काय, हा व्यावहारिक प्रश्न आहे. तालुक्याच्या गावी ग्रामीण रुग्णालय आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी गोंदियात २०१६ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. संधिवाततज्ज्ञासाठी मात्र बहुतेकांना नागपूरची वाट धरावी लागते आणि ती सव्वाशे किलोमीटरहून अधिक आहे. साहजिकच पहिले काही महिने, पुष्कळदा काही वर्षे, तेल-मालीश, पट्टा आणि गोळ्यांत जातात. जगभरच या रोगाच्या निदानाला सरासरी काही वर्षे लागतात. तेवढ्या काळात माकडहाडाच्या वर, कटीच्या दोन्ही बाजूंना असलेले त्रिकास्थीचे सांधे आतून झिजत जातात. साध्या एक्स-रेमध्ये हा बदल उमटायला वर्षे लागतात. एमआरआयमध्ये तो बराच आधी दिसतो. उपचार न मिळालेल्या काही रुग्णांत पुढे मणके एकमेकांना हाडाने जोडले जाऊन कणा बांबूसारखा अखंड होतो.

रुग्णाला स्वतःला ओळखता येतील अशा खुणा आहेत. दुखणे पंचेचाळिशीच्या आत सुरू झालेले, तीन महिन्यांहून जुने, हळूहळू वाढलेले. कधी डाव्या, तर कधी उजव्या कुल्ल्यात कळ. टाचेचे दुखणे, विशेषतः सकाळचे पहिले पाऊल टाकताना. आणि डोळा. एक डोळा अचानक लाल होऊन उजेड सहन होईनासा झाला, तर ती साधी डोळे येण्याची साथ नसून डोळ्याच्या आतला दाह असू शकतो. या आजाराच्या चारपैकी सुमारे एका रुग्णाला तो कधी ना कधी गाठतो आणि दुर्लक्ष केल्यास दृष्टीवर बेततो. नेत्रतज्ज्ञांनी ‘पाठ दुखते का’ असे विचारल्यामुळे निदान झालेले रुग्ण थोडेथोडके नाहीत.

पूर्व विदर्भातील डॉक्टरांपुढे आणखी एक पेच असतो. तरुणाचा खुबा दुखतो, तेव्हा तो सिकलसेलमुळे मांडीच्या हाडाच्या टोकाचा रक्तपुरवठा तुटल्याने दुखत असेल किंवा कण्याचा संधिवात खुब्यात उतरला असेल. पाठीच्या दुखण्यामागे मणक्यांचा क्षयरोग असू शकतो. संध्याकाळचा बारीक ताप, घटते वजन, रात्रीचा घाम आणि एकाच मणक्यावर बोट ठेवून दाखविता येणारे दुखणे, ही त्याची लक्षणे. या तिन्ही दुखण्यांचे उपचार परस्परांहून इतके भिन्न आहेत, की ‘बी २७ पॉझिटिव्ह’ एवढ्या एका ओळीवर भिस्त ठेवून बाकीच्या तपासण्या सोडून देणे धोक्याचे ठरते. ज्याला क्षय आहे, त्याच्या अंगी ‘बी २७’ असूच शकतो.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक अन्याय होत आला. हा पुरुषांचा रोग, असे पाठ्यपुस्तकांतूनच शिकवले जाई, दहा पुरुषांमागे एक स्त्री अशा हिशेबाने. आता ते प्रमाण दोन-तीन पुरुषांमागे एक असे मानले जाते. एक्स-रेमध्ये बदल न दिसणाऱ्या प्रकारात तर स्त्री-पुरुष जवळपास बरोबरीने असतात. रोवणी करणाऱ्या बाईची पाठ दुखते, यात नवल ते काय, असे म्हणून तिला परत पाठवणे सोपे असते. ती पहाटे का जागी होते, हा प्रश्न विचारावा लागतो.

ग्रामीण महाराष्ट्रात सांधेदुखीची पद्धतशीर मोजदाद झाली, ती पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे. १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने, जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याच्या ‘कॉपकॉर्ड’ कार्यक्रमात, तेथे घरोघर जाऊन चार हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी करण्यात आली. सुमारे १८ टक्के लोकांना सांधे, स्नायू किंवा हाडांची काही ना काही तक्रार होती. त्यांतील बहुसंख्य तक्रारी दाहक संधिवाताच्या नव्हत्या, हेही येथे नमूद करायला हवे. पाठ दुखणाऱ्या प्रत्येकाला हा रोग नसतो. किंबहुना बहुतेकांना नसतोच.

औषधे आणि क्षयाची सावली

निदान झाल्यावर पहिला उपचार म्हणजे व्यायाम. दाह कमी करणाऱ्या वेदनाशामक गोळ्या त्याच्या जोडीला असतात. ‘खाटेवर पडून राहा’ हा सल्ला या रोगात उलट नुकसान करतो. पोहणे उत्तम मानले जाते, आणि तलावांचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गोंदियात त्यासाठी वेगळा खर्च पडू नये. विडी-सिगारेट मात्र सोडावी लागते. तेंदूपत्ता आणि विडीच्या या मुलखात हे सांगणे जड जाते, पण धूम्रपान करणाऱ्यांच्या कण्यातील हाडांची जोडणी अधिक वेगाने होते, असे अभ्यासांतून दिसले आहे. कणा ताठर झालेल्या रुग्णाने पाठ मोडून घेणे, तुडवून घेणे हे प्रकार कटाक्षाने टाळावेत. असा कणा किरकोळ धक्क्यानेही भंगतो. गावोगाव झटपट आराम देणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्यांचाही कण्याच्या दुखण्यात खरा उपयोग नाही.

गोळ्यांनी भागले नाही, तर जैविक औषधे आहेत. दाह पेटविणाऱ्या ‘टीएनएफ’ या रेणूला रोखणारे ‘इटॅनरसेप्ट’ २००३ मध्ये अमेरिकेत या रोगासाठी मान्य झाले. पुढे ‘इन्फ्लिक्सिमॅब’ आणि ‘अ‍ॅडॅलिम्युमॅब’ आली. ही औषधे दीर्घकाळ मूठभरांनाच परवडत. २०१३-१४ पासून भारतीय कंपन्यांनी त्यांची समरूप औषधे बाजारात आणली, तेव्हा किमती उतरल्या. तरीही शेतमजुराच्या आवाक्यापासून त्या दूरच आहेत. या औषधांची भारतातील मोठी जोखीम म्हणजे क्षयरोग. शरीरात निद्रिस्त असलेले क्षयाचे जंतू ‘टीएनएफ’च्याच बळावर कोंडलेले असतात. तो रोखला, की ते मोकळे होऊ शकतात. म्हणून पहिल्या इंजेक्शनपूर्वी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची चाचणी करावीच लागते.

जनुकांचा अभ्यास औषधांपर्यंत पोहोचला, तो थोडा वळणावळणाने. ‘इंटरल्युकिन २३’चे जनुक दोषी दिसत होते, म्हणून त्या रेणूलाच रोखणारी औषधे उपयोगी पडतील, असा कयास होता. सोरायसिसमध्ये आणि क्रोन्स आजारात ती उपयोगी पडलीही, पण कण्यात सपशेल फसली. याच साखळीतील पुढचा रेणू ‘इंटरल्युकिन १७’ रोखणारे ‘सेक्युकिनुमॅब’ मात्र गुणकारी ठरले आणि २०१६ मध्ये अमेरिकेत या रोगासाठी त्याला मान्यता मिळाली. २०२१ पासून ‘टोफॅसिटिनिब’सारख्या तोंडाने घ्यायच्या गोळ्याही आल्या आहेत.

सोयरिकीचा प्रश्न

सिकलसेलच्या पट्ट्यात रक्ताचा अहवाल लग्नाच्या बोलणीत डोकावतो. दोन वाहकांच्या विवाहात प्रत्येक अपत्याला रोग होण्याची शक्यता चारात एक असते, त्यामुळे तेथे विवाहपूर्व तपासणीला अर्थ आहे. ‘बी २७’ला हा न्याय लागू पडत नाही. आईवडिलांपैकी एकाकडे त्याची एक प्रत असेल, तर मुलात ती येण्याची शक्यता निम्मी. ती आली आणि घरात आधीच रुग्ण असला, तरी त्या मुलाला रोग होण्याची शक्यता साधारण दहात एक ते पाचात एक इतकीच राहते. निरोगी मुलाची किंवा मुलीची केवळ सोयरिकीसाठी ही तपासणी करण्याची शिफारस कोणतीही मान्यताप्राप्त पद्धत करीत नाही. रुग्णाच्या भावंडांनी आणि मुलांनी चाचणीपेक्षा स्वतःच्या पहाटेच्या पाठदुखीकडे लक्ष ठेवावे, असाच सल्ला दिला जातो.

ज्यांना डॉक्टरांनी ही चाचणी सांगितली आहे, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. ती आयुष्यात एकदाच करायची असते. जनुक बदलत नाही, त्यामुळे दर वर्षी पुन्हा पैसे मोजण्याचे कारण नाही. ‘फ्लो सायटोमेट्री’ पद्धतीत ‘बी ७’ या जवळच्या नमुन्यामुळे क्वचित खोटा ‘पॉझिटिव्ह’ अहवाल येतो, म्हणून शंका असल्यास ‘पीसीआर’ने खातरजमा करता येते. आणि नागपूरला जाताना पिशवीत हा अहवाल, जुने एक्स-रे, सिकलसेलचा अहवाल असल्यास तोही, तसेच पूर्वी कधी डोळा लाल झाला असेल तर त्या वेळच्या औषधांची चिठ्ठी बरोबर घ्यावी. सिकलसेलच्या अहवालातील ‘एएस’ कशाचा, हे मात्र तज्ज्ञांना तोंडीही सांगून ठेवावे.